खेळपेटी (भाग ९) : सत्त्याण्णव की अठ्ठ्याण्णव?

गेल्या आठवड्यात 'स्ट्रीट फायटर' झाला, आज 'द किंग ऑफ फायटर्स'. हुबळीत वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला हे लांबलचक नाव सांगाल तर तो क्षणभर नुसता बघत राहील. 'सत्त्याण्णव' म्हणा, बोटं आपोआप हलायला लागतील.

एसएनके ही ओसाकाची कंपनी. 'फेटल फ्युरी' आणि 'आर्ट ऑफ फायटिंग' हे तिचे मारामारीचे खेळ जोरात होते, शिवाय 'इकारी वॉरियर्स' हा १९८६ चा बंदुकांचा खेळ गाठीशी होता. १९९४ मध्ये तिने या सगळ्यांतली पात्रं एकाच आखाड्यात उतरवली. हुबळी-धारवाडच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. किराणा घराण्याच्या गायिका गंगूबाई हनगल आणि जयपूर-अत्रौलीचे मल्लिकार्जुन मन्सूर एका मंचावर आले, तरी दोघांची तालीम पहिल्या आलापीतच ओळखू यायची. 'फेटल फ्युरी'चा टेरी बोगार्डही नव्या खेळात जमिनीवर मूठ आपटून लाट सोडतो ती जुन्याच घराण्याची.

लढत तिघांची तिघांशी. एक पडला की दुसरा उतरतो. जिंकलेला मात्र तिथेच, थोडा दम भरून घेऊन. ९४ मध्ये त्रिकुटं कंपनीनेच बांधलेली, देशांच्या नावांची, त्यांत अदलाबदल नाही. ९५ ने कुणीही तीन निवडायची मोकळीक दिली आणि इओरी यागामी हे नवं पात्र आणलं. ९६ ने मात्र खेळाची चालच बदलली. जागच्या जागी अंग चुकवण्याऐवजी लोळण आली, बुटकी उडी आली, आणि लांब उभं राहून मारा करणाऱ्यांचे दिवस भरले.

मग ९७. स्टेशनजवळच्या एका गल्लीत आमचं पार्लर होतं. दोन रुपयांचं टोकन, घामाने चिकट झालेली स्टिक, पाठीमागे नंबर लावून उभी असलेली पोरं. मराठी, कन्नड, दखनी असं सगळं एकाच वाक्यात बोलायचो, आणि रात्री मालक 'साकु, एळ्रो!' (पुरे, उठा रे!) म्हणत मुख्य बटणच बंद करायचा. या ९७ च्या भागात ओरोची या खलनायकाची कथा संपते. खेळायच्या पद्धतीही दोन : ॲडव्हान्स्डमध्ये धावणं, लोळणं, एक्स्ट्रामध्ये बटणं दाबून धरून ताकद भरणं. पण खरी गंमत त्यातल्या चुकांत होती. काही पात्रांच्या हातात गडी एकदा सापडला की त्याची सुटका नाही. इओरी, चिझुरु आणि गोरो दायमोन हे त्रिकूट घेणाऱ्याशी आमच्यात कुणी नीट बोलत नसे.

एसएनकेच्या 'निओ जिओ' या खेळपेटीत कार्ट्रिज बदलली की खेळ बदलतो. मालकाने एकदा ९८ ची आणून लावली. त्यात कथा नाही. म्हणून ९५ मध्ये मेलेला खलनायक रुगल इथे पुन्हा हजर. पण तोल असा की बहुतेक पात्रं घेऊन जिंकता येतं. ॲडव्हान्स्डमध्ये पहिल्या गड्याला ताकदीचे जास्तीत जास्त तीन साठे ठेवता येतात. तो पडला की दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच. शेवटच्या गड्याने डाव उलटवावा, अशीच ती रचना.

आठवड्याच्या आत आम्हीच मालकाच्या मागे लागून ९७ परत लावायला लावला. का, तर महिनोन्‌महिने टोकनं घालून शिकलेल्या आमच्या लबाड्या ९८ मध्ये चालेनात.

पुढचं भराभर सांगतो. ९९ मध्ये चौथा गडी मदतनीस म्हणून आला. माझ्या मते गर्दीच झाली. २००१ मध्ये एसएनकेचं दिवाळं निघालं आणि त्या सालचा भाग कोरियाच्या इओलिथने निभावून नेला. २००२ मध्ये कथा पुन्हा बाजूला, मदतनीसही गेले. जुनी चव परतली. २००३ हा निओ जिओवरचा शेवटचा. पुढे सालाऐवजी क्रमांक आले. बारावा (२००९) दिसायला देखणा, पण आत अर्धवट; तेराव्याने ती उणीव भरून काढली. चौदावा (२०१६) त्रिमितीत गेला. पंधरावा २०२२ मध्ये आला तोवर कंपनी सौदी अरेबियाच्या मिस्क फाउंडेशनकडे गेली होती.

नव्याने सुरुवात करणार असाल तर ९८ घ्या, त्याहून नेटका भाग या मालिकेत नाही. आणि कुणी हुबळीकर ९७ लावून समोर बसलाच, तर इओरी घ्यायचा नाही हे आधी ठरवून घ्या.