हरवलेला तुकडा आणि चुकलेले अनुमान

इंटरनेटवरून पत्र वा चित्र जाते ते लहान लहान तुकड्यांत. तुकडा मिळाल्याची पोच आली नाही, तर पाठवणारा संगणक तो पुन्हा पाठवतो. या पद्धतीला आपण टीसीपी म्हणतो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यातील वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर जेमतेम ४०० यार्ड! वाट तुंबली होती, आणि संगणक हरवलेले तुकडे पुन्हा तिच्यातच लोटत होते. १९८८ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी उपाय मांडला: तुकडा हरवला की गर्दी आहे असे धरून वेग कमी करायचा. तारांच्या जाळ्यात हे अनुमान बहुधा बरोबर येते.

बिनतारी मार्गावर मात तुकडा भिंतीमुळे किंवा दुसऱ्या लहरींच्या गोंगाटानेही बिघडतो. वाट मोकळी असूनही पाठवणारा हात आखडतो. फळ्यावरचे न दिसल्यामुळे चुकणाऱ्या मुलाला आपणही कधीकधी आळशी ठरवतो, तसेच हे.

१९९५ मध्ये हरी बालकृष्णन आणि बर्कलीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्नूप' ही युक्ती मांडली. जिथे तार संपून हवेतला प्रवास सुरू होतो, त्या केंद्राने प्रत्येक तुकड्याची प्रत ठेवायची. हवेत तुकडा हरवला, तर तिथूनच पुन्हा द्यायचा. मूळ पाठवणाऱ्याला सुगावाही लागू द्यायचा नाही. वायफायमध्येही पोच न आलेला तुकडा जागच्या जागी पुन्हा पाठवला जातो. मात्र अशा प्रयत्नांत वेळ जातो, आणि फार उशीर झाला तर दूरचा संगणक तुकडा हरवलाच असे समजतो.