जुन्या गाडीला 'सेम टू सेम' नवा पार्ट : आधी तपासा, आणि तपासणीचे पैसे घ्या



मांगरात दहा-पंधरा वर्षं उभी असलेली आजोबांची प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, नाहीतर महिंद्राची जुनी जीप. गणपतीला मुंबईहून मुलगा येतो आणि म्हणतो, "मेस्त्रीनू, हिका परत रस्त्यार आणूची आसा." कुडाळ, कणकवली, मालवणच्या गॅरेजवाल्यांना आणि ऑटो इलेक्ट्रिशियनना हे वाक्य ओळखीचं आहे. गिऱ्हाईक हौशी असतं, पैसे द्यायला तयार असतं. तरीही या कामात हात पोळतो, आणि तो बहुतेक वेळा इलेक्ट्रिकच्या पार्टमध्ये पोळतो. पेंट झक्कास, क्रोम चकाचक, आणि आठ दिवसांनी फोन : "गाडी बरी दिसता, पण सुरू होना नाय."

आज हे काम तांत्रिक बाजूने बघू आणि धंद्याच्या बाजूनेही बघू.

पार्ट येतो कुठून?

पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं होऊन गेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली. ॲम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली. म्हणजे कंपनीकडून नवा पार्ट मिळेल ही आशा सोडा.

उरतात तीन वाटा. जुन्या गाडीतून काढलेला पार्ट, डब्यात न वापरता पडून राहिलेला जुना माल, आणि आता नव्याने बनवलेली नक्कल, म्हणजे रिप्रॉडक्शन पार्ट. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की दिल्लीचं काश्मिरी गेट, काऊंटरवर तिन्ही सारखेच दिसतात. नक्कल वाईटच असते असं नाही. लेन्स, लॅम्पची रिंग, हॉर्नचं बटण यांत ती छान चालते. पण ज्या पार्टच्या आतून करंट जातो, तिथे बाहेरचं रूप बघून काही कळत नाही. लेबल तर कुणीही छापू शकतो.

बसवण्याआधी या पाच गोष्टी तपासा

१. व्होल्टेज आणि अर्थ. पूर्वीच्या विलीज जीप ६ व्होल्टच्या होत्या. ३६ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो, ६ व्होल्टवर ६ अँपिअर. म्हणजे वायर जाड लागते. १९५० च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असायची. अशा गाडीत आतून इलेक्ट्रॉनिक असलेला नवा पार्ट उलटा जोडला, तर तो क्षणात जातो. जुनी जोडणी काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा.

२. वायरच्या आतलं तांबं. बाहेरून जुन्यासारखं कापडी वेष्टण, आत मात्र तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, असं होऊ शकतं. ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर वायर परत करा. आपल्या खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियम किती टिकणार? तारांची संख्याही मोजा. ०.३० मिलिमीटरच्या २८ तारा म्हणजे साधारण २ चौरस मिलिमीटर, १४ तारा म्हणजे १. हेडलाईटच्या लाईनला पातळ वायर आली तर ती गरम होते, आणि जुन्या गाडीला आग लागायला तेवढं कारण पुरतं.

३. टर्मिनल आणि लॅम्पचा पाया. टर्मिनलला लोहचुंबक लावा. पितळ चिकटत नाही, मुलामा दिलेलं लोखंड चिकटतं. लोखंडी टर्मिनल मालवणच्या किनाऱ्यावर एका पावसाळ्यात गंजेल. लॅम्पचा पाया आधी धातूचा होता, त्यातूनच अर्थ मिळायचा. नकलेत तो क्रोमचा रंग दिलेला प्लॅस्टिकचा असेल तर अर्थसाठी वेगळी वायर ओढावी लागते. नव्या पेंटवर लॅम्प बसवला तरी तीच अडचण, कारण पेंटमधून करंट जात नाही. स्क्रूखालची जागा खरवडा, जोडणी करा, वर व्हॅसलीन लावा.

४. कंडेन्सर आणि रोटर. पॉइंटवाल्या इग्निशनमध्ये सगळ्यात जास्त त्रास हेच देतात. कंडेन्सर साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो. थंड असताना मीटरवर बरोबर दाखवतो, इंजिन तापलं की दगा देतो. रोटरमधल्या रिव्हेटमधून स्पार्क खालच्या शाफ्टला गळू शकतो. म्हणून गाडी अर्धा तास चालवून, गरम इंजिनवर परत स्टार्ट करून बघितल्याशिवाय चावी गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका. जुना कंडेन्सर आणि रोटर चालू अवस्थेत असतील तर चिठ्ठी लावून डिकीत ठेवा. आंबोली घाटात तेच उपयोगी पडतील.

५. एकूण लोड. त्या काळच्या लुकासच्या डायनॅमोची ताकद १९ ते २२ अँपिअरच्या आसपास. ६० वॅटचे दोन हॅलोजन लावले की त्यातले १० अँपिअर तिथेच गेले, आणि तेही जुन्या स्विचमधून. हेडलाईटला रिले आणि फ्यूज लावा. इंडिकेटरला एलईडी लावले तर जुना फ्लॅशर चालत नाही, कारण त्याला तापायला पुरेसा करंट मिळत नाही.

शेवटी एक साधी चाचणी. हेडलाईट चालू ठेवा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरी लॅम्पच्या अर्थवर. अर्धा व्होल्ट दाखवला तर जोडणी खराब आहे. नव्या पार्टला दोष देण्याआधी ती सुधारा.

आणि डायनॅमो, सेल्फ यांच्याबाबत घाई करू नका. आर्मेचर रिवाइंड करून, नवे कार्बन आणि बुश टाकून मूळ वस्तू बऱ्याचदा नकलेपेक्षा जास्त टिकते. त्यातली मजुरीही तुमच्याच गावात राहते.

आता हिशोब

समजा, इग्निशनचा सेट १,२०० रुपयांना विकला. त्यात तुमचं मार्जिन १५०, फिटिंगचे ३००. हातात आले ४५०. आठव्या दिवशी गाडी तळेरेला बंद पडली. दोन पोरं, अर्धा दिवस, पेट्रोल, धरा ८००. म्हणजे ३५० रुपये खिशातून गेले, वर नावही गेलं. सप्लायर फार तर पार्ट बदलून देईल, मजुरी देणार नाही.

तेच काम वेगळ्या पद्धतीने लिहा. पार्ट, फिटिंग, आणि तिसरी ओळ : 'तपासणी आणि गरम इंजिन चाचणी, ५००'. हातात ९५० येतात, आणि खराब पार्ट तुमच्याच दारात सापडतो. बरेच जण विचारतात, "गिऱ्हाईक हे पैसे देईल का?" चाचणीचे आकडे कागदावर लिहून दाखवा, गाडीत आजोबांची आठवण बघणारा माणूस देतो. शेवटी गुपचूप मिसळलेले ५०० मात्र तो देत नाही.

काम घेताना लिहून घ्या

एका पानावर तीन रकाने करा. कोणता पार्ट मूळ दुरुस्त करायचा, कुठे नक्कल चालेल, आणि कुठे बाहेरून जुनं पण आतून आधुनिक चालेल. खाली दोघांच्या सह्या. वॉरंटी पार्टची किती, कामाची किती, तेही वेगळं लिहा. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक गोष्ट. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. त्यासाठी चॅसी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही, आणि ती गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. होमस्टेवाला म्हणाला की पाहुण्यांना तारकर्ली फिरवून पैसे घेणार, तर त्याला हे कामाआधीच सांगा. नव्वदच्या दशकातली पद्मिनी या नियमात बसत नाही. तिचं नेहमीचं आरसी नूतनीकरणच करावं लागतं.

या आठवड्याचं काम : तुमच्या बिलबुकात 'तपासणी' ही ओळ वाढवा, आणि एक लोहचुंबक काऊंटरवर ठेवा. पुढचा पार्ट आला की पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडा आणि चुंबक त्याच्यासमोरच लावून दाखवा.