साताऱ्याचं सांगलीत, सांगलीचं साताऱ्यात

इंग्रजांविरुद्ध भूमिगतांनी उभारलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारची गावं नकाशावर शोधायला बसलात, तर बोट सातारा जिल्ह्यात फारसं टेकतच नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र वाळवा तालुक्यात. जी. डी. बापू लाडांचं कुंडल पलूस तालुक्यात. नागनाथअण्णा नायकवडींचं गाव खुद्द वाळवा. सगळं आजच्या सांगली जिल्ह्यात. ७ जून १९४३ ला पगाराची रेल्वेगाडी लुटली, ती मात्र शेणोलीजवळ, म्हणजे कराड तालुक्यात. लुटणारे एका जिल्ह्यातले, लूट दुसऱ्या जिल्ह्यातली, आणि इतिहासात नाव साताऱ्याचं.

यात कुणाची चूक नाही. १९४३ साली सांगली जिल्हा नव्हताच. सांगली, मिरज आणि जत ही संस्थानं होती आणि वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यात होते. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर लवकरच दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्र्यातला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचं राजकारण कराडचं आणि समाधीही कराडलाच, प्रीतिसंगमावर. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कोणत्या जिल्ह्याचे, यावर दोन्हीकडचे लोक चहा संपेपर्यंत वाद घालू शकतात आणि दोघंही बरोबर असतात.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांना असली उत्तरं परवडत नाहीत. त्यांना एका रकान्यात ठिकाण आणि समोरच्या रकान्यात वैशिष्ट्य लागतं. या दोन जिल्ह्यांपुरतं सांगायचं तर तो तक्ता फसवा आहे. इथल्या बहुतेक नावाजलेल्या गोष्टी एका ठिकाणी सुरू होऊन दुसऱ्या ठिकाणी तडीस गेलेल्या दिसतात. सगळ्यांत ठळक उदाहरण औंधचं.

औंध गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी. औंध संस्थान मात्र सलग कधीच नव्हतं. एक तुकडा इथे, दुसरा आटपाडीला, तिसरा कुंडलला, आणखी एक थेट विजापूरकडे. अशा विस्कळीत मुलखाचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे वल्ली गृहस्थ होते. स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये संग्रहालय उभं केलं. खटावच्या माळावर हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि बालक’ हे शिल्प असेल, असं सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. ते तिथे आहे. शेजारी राजा रविवर्म्याची चित्रंही आहेत. पुण्यापासून काही तासांच्या अंतरावर हा ऐवज असताना आपण महाबळेश्वरला मक्याचं कणीस खायला जातो, याला काय म्हणावं?

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा याच राजाने त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली. जमीन म्हणजे फड्या निवडुंगाचं रान आणि त्यात साप. १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत एकदमच उभी राहिली, ती किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती. त्यामुळे सुरुवातीचे नांगर विकता विकता लक्ष्मणरावांच्या नाकी नऊ आले. याच वाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ सुरू झालं. नांगर आणि पंप बनवणाऱ्या गावातून मराठी मध्यमवर्गाची वाचनाची सवय घडली, ही गोष्ट मला नांगराइतकीच महत्त्वाची वाटते.

या राजाने पुढे आणखी मोठं धाडस केलं. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर नोकरीनिमित्त बंगळूरला आला आणि गांधींच्या नादाने ‘स्वामी भारतानंद’ झाला. राजपुत्र अप्पासाहेब पंत त्याला औंधला घेऊन आले. राजाने सत्ता सोडून गावपंचायतींच्या हाती द्यायची, या कल्पनेला गांधींनी आकार दिला आणि २१ जानेवारी १९३९ ला औंधची राज्यघटना अमलात आली. स्वातंत्र्याला अजून आठ वर्षं होती. राजेलोक शिकारीत आणि मोटारींत रमलेले असताना एका राजाने राजीखुशीने अधिकार सोडले होते.

त्याच वर्षी आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ उभं राहिलं. जन्मठेपेचे कैदी तिथे भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय राहायचे, शेती करायचे आणि बायकामुलांना सोबत आणायचे. ही कल्पनाही फ्रीडमनची. आटपाडीजवळच्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा देशभर गाजला आणि बर्लिनच्या महोत्सवातही गौरवला गेला. स्वतंत्रपूर आजही आहे, फक्त त्याचा पत्ता आता सांगली जिल्ह्याचा. जाता जाता सांगायला हवं, की मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद ‘आय ॲम दॅट’ या इंग्रजी पुस्तकातून जगभर पोहोचवले ते याच फ्रीडमनने. माणसं कुठून कुठे जातात!

प्रतिसरकारलाही या विस्कळीत संस्थानाचा उपयोग झाला. कुंडल औंधच्या हद्दीत होतं. इंग्रजी मुलखातून संस्थानी मुलखात पाऊल टाकलं की मागावरच्या पोलिसांचे हात थोडे आखडायचे. भूमिगतांना हा भूगोल चांगला पाठ होता.

आता पाण्याकडे वळू. सातारा-सांगलीचा खरा मालक पाणीच आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या एकत्र दाखवतात. सावित्री घाटाखाली कोकणात उतरते. कोयना मात्र सह्याद्रीच्या कुशीतून सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर येऊन भेटते. हेळवाकजवळच्या या वळणाशी धरण बांधलं आणि त्यामागे १०५ टीएमसीचा शिवसागर साठला. मग बोगद्यांतून पाणी उलट पश्चिमेला, पोफळीकडे सोडून वीज काढली गेली. या वीजप्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. पूर्वेला जायला निघालेल्या नदीचं मोठं पाणी अशा रीतीने वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळाली आणि गावं पाटण-जावळीची बुडाली.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. भूकंप सहा रिश्टरच्या वरचा होता आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. धरण टिकलं. तेव्हापासून लहान-मोठे धक्के इतके झाले आहेत, की पाटणच्या माणसाला भूकंपाचं अप्रूप उरलेलं नाही. भांडी खणखणली तर एकमेकांकडे बघायचं आणि पुन्हा जेवायला लागायचं. शास्त्रज्ञांना मात्र या जागेचं मोल फार आहे. धरणातलं पाणी जमिनीखालचा ताण कसा बदलतं, हे अभ्यासायला एका आटोपशीर टापूत वर्षानुवर्षं भूकंप होणारी अशी ठिकाणं जगात थोडीच. म्हणून या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. वरचा काळा कातळ सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली ग्रॅनाइट लागतो. या कामाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. पुणे-बंगळूर रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

सांगलीकरांचं कोयनेशी नातं वेगळ्या भाषेत चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत एकमेकांना विचारायचे प्रश्न दोनच, “कोयनेतून किती सोडलंय?” आणि “आयर्विनला किती फूट?” आयर्विन पूल १९२९ चा. व्हाइसरॉय आयर्विन गेला, त्याचं नाव पुलाला चिकटून राहिलं आणि पुलाच्या खांबावरचे आकडे शहराचं पंचांग झाले. ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्यानंतर पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे की अतिक्रमणामुळे, हा वाद दर पावसाळ्यात नव्याने रंगतो.

गंमत अशी, की त्याच जिल्ह्यात जत आणि आटपाडीला टँकर लागलेले असतात. साताऱ्यातही तेच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण-खटावला जेमतेम पाचशेच्या आसपास. हा कोरडा पट्टा दोन जिल्ह्यांत वाटला गेला आहे, पण त्याचं जगणं एकच. खानापूर-आटपाडीतली माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि गलाईच्या धंद्यात शिरली. जुने दागिने घ्यायचे, मुशीत वितळवायचे, ॲसिडने भेसळ काढायची, टंच काढायचा आणि शुद्ध सोनं-चांदी परत करायची. सोनाराच्या दुकानातली धूळसुद्धा ते वाया जाऊ देत नाहीत. तमिळनाडू, केरळ, कोलकाता, दिल्ली, थेट नेपाळ. सराफ बाजार जिथे असेल तिथे खानापूर तालुक्यातल्या विट्याकडचा माणूस सापडतो. आतल्या खोलीत भट्टी असते, तो दुकानात तमिळ बोलतो आणि फोनवर माणदेशी. ज्या मातीत ज्वारी नीट येत नाही तिथल्या माणसांनी देशाचं सोनं तावून द्यावं, यापेक्षा भारी माहिती या दोन जिल्ह्यांकडे नसेल.

तक्त्यात नीट बसणाऱ्या नोंदीही आहेतच. देशातली पहिली सैनिकी शाळा साताऱ्याची, १९६१ ची. पुस्तकांचं गाव भिलार, २०१७ पासून. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं त्यांचं कांस्यपदक स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि त्या प्रवासाचे पैसे लोकांकडून वर्गणी काढून जमवलेले. सागरेश्वर हे माणसांनी झाडं लावून आणि प्राणी आणून घडवलेलं अभयारण्य. या नोंदी सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून पुढे जातो.

सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं, हेही सगळ्यांना पाठ असतं. त्यामागची ठिणगी कन्नड होती, हे मात्र कमी सांगितलं जातं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि असं काही मराठीत करा, म्हणून भाव्यांना सांगितलं. भावे मुळात हाताचे कसबी. लाकडी बाहुल्या करण्यात रमणारे. त्यांच्या त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर नाचवल्या.

मिरजेच्या सतारीची गोष्ट याच जातीची. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार. लढाया थांबल्या, तलवारी भिंतीवर गेल्या आणि हातातलं कौशल्य रिकामं बसलं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तो हात सतारीला लावला. पटवर्धनांच्या दरबारामुळे मिरजेत गाणारे येत होते, त्यामुळे गिऱ्हाईकही दारातच होतं. पुढे गायक अब्दुल करीम खाँ इथेच राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तंबोऱ्याचा भोपळा कडू असतो, भाजीला उपयोग शून्य. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. वाळलेला भोपळा कापायचा, भिजवून मऊ करायचा, त्याला हवा तो गोल आकार द्यायचा आणि मग त्यावर लाकडाचा गळा बसवायचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याचं नाव नाही.

हळदीचंही तसंच. ‘सांगलीची हळद’ हे मानांकन २०१८ चं. सांगलीच्या बाजारात मात्र मराठवाड्याचीही हळद येते, कर्नाटक-तेलंगणाचीही. सांगलीने कमावलं ते साठवणुकीच्या आणि व्यापाराच्या जोरावर. कृष्णेकाठच्या हरिपूरची माती इतकी घट्ट, की तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद असे खड्डे खणले तरी भिंती ढासळत नसत. ही पेवं. त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आत हवा कोंडलेली असायची. म्हणून आधी पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं, तेवत राहिला तरच माणूस आत. २००५ च्या महापुराने ही पेवं भरली, हळद भिजली आणि व्यापारी शीतगृहांकडे वळले.

आणि मिरज जंक्शन. एके काळी इथे तिन्ही मापांचे रूळ होते. मीटरगेज बंगळूरच्या बाजूला आणि अडीच फुटांची अरुंद बार्शी लाइट रेल्वे पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे लातूरला. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्यांची ती गाडी इतकी संथ, की चालत्या गाडीतून उतरून शेंगा घेऊन पुन्हा चढता येतं, असं थट्टेने म्हणायचे. पुढे रूळ रुंद झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच मार्गाने लातूरला पाण्याची रेल्वे धावली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. पाणी होतं कृष्णेचं.