‘गो’ आणि ‘वेन्ट’ : एका क्रियापदाची कुळकथा

इंग्रजीच्या तासाला मुलांना प्रारंभीच भेटणाऱ्या क्रियापदांत ‘गो’ हे एक होय. ‘प्ले’चे ‘प्लेड’, ‘वॉक’चे ‘वॉक्ड’ असा नियम शिकलेले मूल मोठ्या विश्वासाने ‘गो’चे ‘गोएड’ करते. शिक्षक ते खोडून ‘वेन्ट’ लिहितात. “असे का?” या प्रश्नाला “हे पाठच करावयाचे असते” एवढेच उत्तर मिळाले, तर नियमावरचाच मुलाचा विश्वास डळमळतो. वास्तविक या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मुलाच्या मातृभाषेतही सापडते.

सुमारे इ. स. ११०० पर्यंतच्या प्राचीन इंग्रजीत हे क्रियापद ‘गान’ असे होते. त्याचा भूतकाळ त्याही वेळी ‘एओदे’ या निराळ्याच शब्दाने होत असे. त्याच भाषेत ‘वेन्ड’, म्हणजे ‘वळणे’, असे दुसरे क्रियापद होते. पुढे त्यास ‘वाटेस लागणे’ व ‘जाणे’ असा अर्थ आला. ‘सेन्ड’चे ‘सेन्ट’, ‘बेन्ड’चे ‘बेन्ट’, त्याचप्रमाणे ‘वेन्ड’चे ‘वेन्ट’. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘एओदे’पासून आलेली रूपे मागे पडली आणि त्यांची जागा ‘वेन्ट’ने घेतली. स्कॉटलंडच्या लोकभाषेत मात्र ‘गे’चे ‘गेड’ असे नियमित रूप झाले. म्हणजे मुलाची चूक ही निर्बुद्धपणाची नव्हे. तिच्यामागे नियमाचे आकलनच असते. इंग्रजांची लहान मुलेही ‘गोएड’ म्हणतात.

आता मराठीकडे पाहावे. ‘बस’चे ‘बसला’, ‘पड’चे ‘पडला’. मग ‘जा’चे ‘जाला’ का नाही? ‘जाणे’ हे संस्कृत ‘या’ धातूपासून आले, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. येथेही दोन कुळांचे शब्द एका घरात नांदत आहेत. आपले मूल हे रूप रोज बिनचूक वापरते. फक्त त्याकडे त्याचे लक्ष गेलेले नसते.

अशी रूपे नित्याच्या शब्दांतच का टिकतात? जो शब्द दिवसातून अनेकदा कानी पडतो, त्याचे वेगळेपण स्मरणात राहते. कमी वापरातील शब्द हळूहळू नियमाच्या वाटेस लागतात. इंग्रजीत ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ असा होता. तो मागे पडून ‘हेल्प्ड’ रूढ झाला.

‘गो’च्या अर्थांचा विस्तारही मोठा आहे. रस्ता गावाला ‘जातो’ हे दोन्ही भाषांत सारखे. परंतु इंग्रजीत घड्याळ ‘जाते’, मराठीत ते चालते. इंग्रजीत दूध आंबट ‘जाते’, मराठीत ते नासते. ‘गोइंग टु’ची गोष्ट तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. काही करण्यासाठी कोठे तरी जात असणे, हा त्याचा मूळ अर्थ. जाण्याचा हेतू नेहमी पुढे घडावयाचा असतो. म्हणून सतराव्या शतकापर्यंत त्यास केवळ भविष्यकाळाचा अर्थ आला. पाऊस ‘गोइंग टु’ पडतो, तेव्हा कोणी कोठे जात नाही. पाऊस पडणार आहे, इतकेच. मराठीतही वीज जाते, तोल जातो, आणि ‘पत्र लिहिले गेले’ या वाक्यात तर चालण्याचा मागमूसही नसतो. सबब, शब्दास शब्द न देता संपूर्ण वाक्याचा अर्थ सांगावा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे हा प्रश्न आता अगदी लहान वयात उभा राहतो. शिक्षकांनी फळ्यावर प्रथम ‘जातो–गेला’ ही जोडी लिहावी, मुलांकडूनच तिचे वेगळेपण काढून घ्यावे, आणि मग शेजारी ‘गो–वेन्ट’ मांडावे. एवढ्याने पाठांतर टळेल असे नाही, सराव हवाच. परंतु जे मूल ‘गोएड’ म्हणेल, त्यास आपण नियम ओळखला आहे हे कळेल, आणि पुढचा शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळणार नाही.