विश्लेषण : ‘ब्लॉकेज’ आढळले की स्टेंट हवाच का? वैद्यकीय चाचण्या काय सांगतात?

अँजिओग्राफीच्या अहवालात ‘८० टक्के ब्लॉकेज’ हे शब्द दिसले की घरात धावपळ सुरू होते. कुणी विमा कंपनीला फोन लावतो, कुणी पैशांची जुळवाजुळव करतो. अडथळा आहे, तर तो काढायलाच हवा, हे सगळ्यांना उघड वाटते. मात्र गेल्या दोन दशकांतील मोठ्या वैद्यकीय चाचण्यांनी हेच गृहीतक तपासले आणि उत्तर वेगळे मिळाले.

ही चर्चा कोणत्या रुग्णांविषयी?

जिना चढताना छातीत दाटून येते आणि थांबले की बरे वाटते, अशा ‘स्थिर’ हृदयविकाराच्या रुग्णांविषयी. हृदयविकाराचा झटका आला असेल, तर बंद पडलेली रक्तवाहिनी तातडीने उघडणे हा जीव वाचवणारा उपचार आहे. अशा वेळी विचार करत न बसता रुग्णालय गाठायला हवे.

चाचण्यांत काय आढळले?

२००७ मध्ये ‘करेज’ चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिका आणि कॅनडातील २,२८७ स्थिर रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला औषधे, दुसऱ्याला औषधांसोबत अँजिओप्लास्टी. साडेचार वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केल्यानंतर मृत्यू किंवा झटक्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, सुमारे १९ टक्के होते.

अधिक गंभीर रुग्ण घेतले असते तर? या आक्षेपाला ‘इस्केमिया’ चाचणीने उत्तर दिले. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले. भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण तीत सहभागी होते आणि स्ट्रेस चाचणीत त्यांच्या हृदयाला रक्त बऱ्यापैकी कमी पडत असल्याचे दिसले होते. एका गटाची लगेच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास करण्यात आली. दुसऱ्या गटाला आधी औषधे देण्यात आली. साधारण तीन वर्षांत पहिल्या गटात १४५, तर दुसऱ्या गटात १४४ मृत्यू झाले. पहिल्या गटात उपचारादरम्यानचे झटके जास्त होते, तर नंतर आपोआप येणारे झटके कमी होते. एकूण मृत्यूंत मात्र फरक पडला नाही.

अडथळा काढूनही असे का?

नळात गाळ साचतो आणि पाणी बंद होते, हे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या इतक्या साध्या नाहीत. मेदाचा थर वाहिनीच्या भिंतीत असतो. त्यावरचे आवरण फाटले की तिथे गुठळी होते आणि वाहिनी अचानक बंद पडते. अनेकदा हे फारशा अरुंद नसलेल्या जागीही घडते. स्टेंट एका जागेची दुरुस्ती करतो. स्टॅटिन, रक्तदाब-मधुमेहावर नियंत्रण आणि तंबाखू सोडणे यांचा परिणाम मात्र सगळ्याच वाहिन्यांवर होतो.

मग स्टेंटचा उपयोग काय?

छातीतील त्रास कमी करणे. पण या आरामात उपचार झाल्याच्या समाधानाचा वाटा किती? ब्रिटनमधील ‘ऑर्बिटा’ चाचणीत निम्म्या रुग्णांवर अँजिओप्लास्टीचा केवळ देखावा करण्यात आला. कोणाला स्टेंट बसला, हे रुग्णांना माहीत नव्हते. आधीच भरपूर औषधे घेणाऱ्या या २०० रुग्णांत व्यायामक्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही, असे २०१७ मध्ये समोर आले.

२०२३ मधील ‘ऑर्बिटा-२’ ने दुसरी बाजू दाखवली. छातीदुखीची औषधे थांबवलेल्या ३०१ रुग्णांत स्टेंटमुळे त्रास खरोखर कमी झाला. तरीही स्टेंट बसवलेल्या अनेकांना थोडाफार त्रास होतच राहिला.

रुग्णांनी काय विचारावे?

२०१७ मध्ये केंद्राने औषधयुक्त स्टेंटच्या किमतीवर सुमारे ३० हजार रुपयांची मर्यादा घातली. त्यामुळे स्टेंट स्वस्त झाले, पण तो बसवण्याची गरज आहे का, हा प्रश्न किमतीने सुटत नाही. त्यासाठी डॉक्टरांना थेट विचारता येईल : माझा आजार स्थिर आहे का? स्टेंटने आयुष्य वाढेल, की फक्त त्रास कमी होईल? आधी औषधे घेऊन पाहता येतील का?

डावी मुख्य धमनी अरुंद असेल किंवा हृदयाची क्षमता बरीच घटली असेल, तर उत्तर वेगळे असू शकते. अशा रुग्णांना ‘इस्केमिया’ चाचणीत घेतलेच नव्हते. आणि स्टेंट बसवा अथवा बसवू नका, गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. ‘आता स्टेंट बसला, काळजी मिटली’ असे समजून त्या मनाने बंद करणे सर्वात धोक्याचे.