पल्स ऑक्सिमीटरवरील आकडा : प्रकाशविज्ञान, संगणन आणि आरोग्यसेवा यांच्या संयोगातून मिळणारे अनुमान

सारांश

बोटाला लावण्याचा पल्स ऑक्सिमीटर हे भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी, संगणन व वैद्यक या चार शाखांच्या संयोगातून निर्माण झालेले उपकरण होय. त्याच्या पडद्यावर दिसणारा आकडा हे रक्तातील ऑक्सिजनचे प्रत्यक्ष मापन नसून, निरोगी स्वयंसेवकांवर घेतलेल्या चाचण्यांच्या आधारे काढलेले अनुमान असते. प्रस्तुत लेखात या अनुमानाची घडण, त्याच्या मर्यादा आणि त्वचेच्या वर्णाचा त्यावर होणारा परिणाम यांचे विवेचन केले आहे. उपकरण ज्या लोकसमूहासाठी वापरावयाचे, त्याच लोकसमूहात ते पडताळले गेले पाहिजे, हे या विवेचनाचे सूत्र आहे.

बीजसंज्ञा : ऑक्सिजन संपृक्तता, अवरक्त प्रकाश, अंशशोधन, मेलॅनिन, उपयोजित संशोधन.

१. प्रस्तावना

इ.स. २०२० पूर्वी पल्स ऑक्सिमीटर हे प्रामुख्याने शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभाग यांतील साधन होते. कोविडच्या साथीत ते घराघरांत पोहोचले. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्य पथकांनी घरोघरी जाऊन नागरिकांचे तापमान व ऑक्सिजनची पातळी तपासली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ मधील गृहविलगीकरणाच्या सूचनांत, सामान्य हवेत श्वास घेत असताना ९३ टक्के वा त्याहून कमी नोंद आल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी, असे सांगितले होते. रुग्णाला घरी ठेवावे की रुग्णालयात न्यावे, हा निर्णय अशा रीतीने एका आकड्याशी जोडला गेला. म्हणून तो आकडा कसा तयार होतो, हे जाणून घेणे केवळ तंत्रज्ञांपुरते मर्यादित राहत नाही.

२. शोधाची पार्श्वभूमी

रक्तातील ऑक्सिजन प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याचे प्रयत्न १९३० च्या दशकापासून चालू होते. कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून त्याचे शोषण मोजण्याची उपकरणे तयार झाली होती. परंतु त्वचा, ऊतक व शिरांतील रक्त हेही प्रकाश शोषून घेतात. त्यांतून केवळ धमनीतील रक्ताचा वाटा वेगळा कसा काढावा, ही मुख्य अडचण होती.

तिचे उत्तर जपानमधील निहोन कोहडेन या कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी यांना मिळाले. शिरेत रंगद्रव्य सोडून हृदयातून होणारा रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत सुधारण्याचे काम ते करीत होते. कानाला लावलेल्या संवेदकाच्या आलेखात नाडीच्या ठोक्यांमुळे चढउतार उमटत व मापनात अडथळा येई. दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश वापरून हा अडथळा घालविण्याचा प्रयत्न करीत असता त्यांच्या लक्षात आले, की रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण बदलले की दोन तरंगलांबींतील तोल बिघडतो. म्हणजेच जो अडथळा वाटत होता, त्यातच हवी असलेली माहिती दडलेली होती. ठोक्यागणिक बदलणारा प्रकाश हा धमनीतील रक्तामुळे बदलतो. स्थिर राहणारा भाग इतर ऊतकांचा असतो. आओयागी यांनी हे तत्त्व १९७४ मध्ये मांडले. १९८० च्या दशकात प्रकाश देणारे डायोड व सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यावर हे उपकरण भूलशास्त्रात सर्वत्र रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी सूचीतही त्याचा समावेश आहे. आओयागी यांचे निधन एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे त्यांच्या शोधाची जगाला सर्वाधिक गरज भासत असताना झाले.

३. कार्यपद्धती

३.१ प्रकाशाचे शोषण : ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश कमी शोषते, तर ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन तो अधिक शोषते. सुमारे ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत याच्या उलट घडते. बोटाच्या एका बाजूस दोन डायोड असतात व ते दर सेकंदाला अनेकदा आळीपाळीने उजळतात. दुसऱ्या बाजूचा प्रकाशसंवेदक आरपार आलेला प्रकाश टिपतो. दोन्ही डायोड बंद असतानाच्या क्षणी खोलीतील प्रकाश मोजून तो वजा केला जातो.

३.२ संगणन : संवेदकाकडे येणाऱ्या संकेतात ठोक्यागणिक बदलणारा भाग फार लहान, साधारणतः एकदोन टक्के असतो. प्रत्येक तरंगलांबीसाठी बदलत्या भागास स्थिर भागाने भागले जाते. त्यानंतर तांबड्या प्रकाशाच्या भागाकारास अवरक्त प्रकाशाच्या भागाकाराने पुन्हा भागून एक गुणोत्तर मिळते. या गुणोत्तरावरून संपृक्तता काढण्यासाठी पाठ्यपुस्तकांत एक सोपे सूत्र दिले जाते : गुणोत्तरास २५ ने गुणावे व तो गुणाकार ११० मधून वजा करावा. गुणोत्तर ०.५ असल्यास संपृक्तता ९७.५ टक्के व १ असल्यास ८५ टक्के येते. या सूत्रानुसार गुणोत्तरात ०.०४ इतका अल्प फरक पडला, तरी आकडा एका टक्क्याने बदलतो. बोट हलणे, हात थंड असणे वा नखावर गडद रंग असणे यांमुळे नोंद का बिघडते, याचे स्पष्टीकरण येथेच मिळते.

३.३ अंशशोधन : वरील संबंध निव्वळ सिद्धान्तावरून अचूक काढता येत नाही, कारण प्रकाश ऊतकांत सरळ न जाता विखुरतो. त्यामुळे प्रत्यक्ष उपकरणातील कोष्टक प्रयोगातून तयार करावे लागते. निरोगी स्वयंसेवकांना वैद्यकीय देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी ऑक्सिजन असलेली हवा श्वासावाटे दिली जाते, धमनीतून रक्ताचे नमुने घेतले जातात आणि प्रयोगशाळेतील मोजमाप व उपकरणाचे गुणोत्तर यांची सांगड घातली जाते. संपृक्तता ७० टक्क्यांच्या खाली नेणे धोक्याचे असल्याने त्याखालील आकडे केवळ पुढे वाढविलेल्या आलेखावर आधारलेले असतात. थोडक्यात, आपल्या बोटावरील आकडा हा आपल्या रक्ताची तुलना त्या अपरिचित स्वयंसेवकांच्या रक्ताशी करून मिळालेला असतो.

४. आकड्याच्या मर्यादा

पहिली मर्यादा अचूकतेची आहे. एखाद्या उपकरणाची सरासरी वर्गमूळ त्रुटी तीन टक्के असेल, तर सुमारे दोन तृतीयांश नोंदी खऱ्या मूल्याच्या तीन टक्के अलीकडे-पलीकडे असतात आणि उरलेल्या एक तृतीयांश त्याहूनही दूर असू शकतात. म्हणून ९४ व ९२ या दोन एकेकट्या नोंदींतील फरकापेक्षा, त्याच उपकरणावर काही तासांत दिसणारी घसरण अधिक अर्थपूर्ण असते.

दुसरी मर्यादा अशी, की हे उपकरण कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिनला ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन समजते. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे वा कोंडलेल्या खोलीतील शेगडीमुळे विषबाधा झालेल्या व्यक्तीच्या बोटावर आकडा समाधानकारक दिसू शकतो व तो दिशाभूल करतो.

तिसरी मर्यादा भारतीय संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. संपृक्तता म्हणजे उपलब्ध हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन आहे, एवढेच. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे ती सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. संपृक्तता ९८ टक्के असताना, १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रीच्या तेवढ्या रक्तात हिमोग्लोबिनशी बद्ध सुमारे १८.४ मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर ७ ग्रॅम असलेल्या स्त्रीच्या रक्तात केवळ ९.२ मिलिलिटर. दोघींच्या बोटांवरील आकडा मात्र एकच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते.

५. त्वचेचा वर्ण आणि अंशशोधन

त्वचेतील मेलॅनिन हे रंजकद्रव्य प्रकाश शोषते. परंतु ते स्थिर असल्यामुळे भागाकारात त्याचा परिणाम नाहीसा होईल, अशी मूळ धारणा होती. प्रत्यक्षात डायोडचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो. तो एका लहान पट्ट्यात पसरलेला असतो आणि मेलॅनिन त्यातील लघु तरंगलांबीचा भाग अधिक शोषते. शिवाय अंशशोधनासाठी निवडलेले स्वयंसेवक बहुतांशी उजळ वर्णाचे असल्यास कोष्टकही त्यांनाच अनुकूल बनते.

डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाने या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातील ज्या नोंदींत ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवीत होता, त्यांपैकी कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के नोंदींत धमनीतील खरी संपृक्तता ८८ टक्क्यांहून कमी आढळली. श्वेतवर्णीय रुग्णांत हेच प्रमाण ३.६ टक्के होते. २०२२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या पाच रुग्णालयांतील कोविड रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले, की आकडा फुगल्यामुळे कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक रुग्णांची उपचारासाठीची पात्रता उशिरा लक्षात आली अथवा लक्षातच आली नाही. अल्प वाटणारी त्रुटी उपचाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या रुग्णासाठी किती महत्त्वाची ठरते, हे यावरून दिसते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार चाचणीत गडद वर्णाच्या किमान दोन व्यक्ती अथवा एकूण सहभागींच्या १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढ्या व्यक्ती असणे अपेक्षित होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याच संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात सहभागींची संख्या वाढविण्याचे व त्वचेचा वर्ण रीतसर मोजून नोंदविण्याचे सुचविले आहे.

६. भारतातील संशोधनाची दिशा

अमेरिकेतील आकडे भारतीय रुग्णांना जसेच्या तसे लागू करणे योग्य नव्हे. आपल्याकडे एकाच गावात त्वचेच्या वर्णाच्या अनेक छटा आढळतात. त्यात रक्तक्षय, उन्हात व मातीत राबून जाड झालेली बोटांची त्वचा आणि मेंदी यांची भर पडते. म्हणूनच येथील पडताळणीची आवश्यकता अधिक आहे.

स्वयंसेवकांची संपृक्तता उतरविण्याचे प्रयोग सर्वसाधारण महाविद्यालयाच्या आवाक्यातील नाहीत व ते तेथे करूही नयेत. परंतु अतिदक्षता विभागात उपचारासाठी धमनीतील रक्ताची तपासणी केलीच जाते. त्याच क्षणीची ऑक्सिमीटरची नोंद, त्वचेचा मोजलेला वर्ण व हिमोग्लोबिनचे प्रमाण नीतिसमितीच्या संमतीने एकत्र नोंदविल्यास रुग्णाला जादा त्रास न देता विश्वासार्ह विदा जमा होऊ शकते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वर्णमापनाचे साधन, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विश्लेषण व वैद्यकीय महाविद्यालयाने रुग्णसंपर्क सांभाळावा, अशी ही कामाची स्वाभाविक विभागणी ठरेल.

७. निष्कर्ष

पल्स ऑक्सिमीटरने असंख्य रुग्णांना साहाय्य केले आहे आणि वरील मर्यादांमुळे त्याचे मोल कमी होत नाही. आकडा समाधानकारक असूनही रुग्णास धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील वा गुंगी येत असेल, तर आकड्यापेक्षा लक्षणांना अधिक महत्त्व द्यावे, एवढा व्यावहारिक बोध यातून निश्चितपणे घेता येतो. उपयोजित संशोधन उपकरण चालू झाल्यावर पूर्ण होत नाही. ज्यांच्यासाठी ते वापरले जाते, त्या सर्वांना ते सारख्याच विश्वासाने उत्तर देते किंवा नाही, हे तपासल्यानंतरच ते पूर्णत्वास जाते.