काचेमागची हवा

मोशीचा पूल ओलांडून इंद्रायणीपलीकडे गेले, की पुणे-नाशिक महामार्गालगत चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा असे करत चाकण येते. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९चा, फोक्सवॅगनचा २००९चा. त्यांच्या अवतीभवती सुट्या भागांचे कारखाने वाढले आणि कुरुळीसारख्या गावांत कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या. या खोल्यांत कुत्र्यामांजराला नाक मुरडणारा घरमालकही दोन फुटी फिशटँकला सहसा हरकत घेत नाही. या टाकीच्या मागच्या काचेवर बहुधा दुकानातून फुटावर कापून आणलेले प्रवाळाचे पोस्टर चिकटवलेले असते. दिवाळीत घर रंगवून झाल्यावर उरलेला रंग या काचेवर त्या पोस्टरपेक्षा चांगले काम देतो.

पोस्टर दुकानात झळकते आणि टाकीमागे लावल्यावर मंद दिसते. छपाई तीच असते, फरक पडतो तो काच आणि कागद यांच्यामध्ये अडकलेल्या हवेच्या पातळ थराने. पाण्यातून हवेकडे निघालेला किरण सुमारे ४८.६ अंशांहून तिरका असेल, तर तो बाहेर पडतच नाही. पूर्णपणे आत परततो. झाकणातल्या दिव्याचा उजेड वरून खाली येत असल्यामुळे मागच्या उभ्या काचेवर तो तिरकाच पडतो. त्याचा मोठा भाग पोस्टरपर्यंत पोहोचण्याआधीच मागे फिरतो. काच आणि कागद यांच्यामध्ये पाणी झिरपले, की तेवढाच भाग गडद आणि ठसठशीत दिसतो, बाकीचा फिका राहतो. पोस्टरवरचे डाग बहुतेक याच कारणाने पडतात. अनुभवी मंडळी काच आणि पोस्टर यांच्यामध्ये खोबरेल किंवा ग्लिसरीन चोळतात तेही हवेची जागा भरण्यासाठीच. रंग काचेला थेट बिलगतो, हवेला जागाच उरत नाही.

आतल्या माशाच्या दृष्टीने फरक याहून मोठा आहे. समोरून पाहणाऱ्या आपल्याला मागची काच पारदर्शक वाटते. माशाला मात्र तीच काच तिरक्या नजरेने आरसा असते. बेटासारखा भांडखोर मासा स्वतःच्याच प्रतिबिंबावर पर फुलवून धावून जातो. मागे गडद रंग असला, की हा आरसा जातो आणि काचेपलीकडे चालणाऱ्या माणसांच्या सावल्याही जातात. बुजरे मासे झुडपांतून बाहेर येऊन फिरू लागतात.

एकोणिसाव्या शतकातल्या सुरुवातीच्या काही टाक्यांना पाठीमागे काच नसायचीच. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले मत्स्यघर १८५३मध्ये उघडले. त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने उतरत्या पाठीची टाकी आखली. तिच्यात काच फक्त समोर होती, पाठ पाटीच्या दगडाची. उजेड तळ्यात येतो तसा फक्त वरून यावा, हा हेतू. पुढे चारही बाजू काचेच्या झाल्या, आणि झाकलेली पाठ पुन्हा हाताने करावी लागली.

रंग कोणता, याचा निवाडा माशाच्या कातडीत आहे. तिथल्या रंगपेशींतले काळे कण पसरले की मासा गडद होतो, एकवटले की फिका. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पोष ग्रंथीतून म्हणजे पिट्यूटरीतून एक संप्रेरक स्रवते आणि हे कण एकवटतात; सॅमन माशात ते १९८३मध्ये ओळखले गेले. कॅलिफोर्नियातल्या फ्रान्सिस समनर यांनी १९३४मध्ये याचा परिणाम जगण्यामरण्यावर कसा होतो ते दाखवले. आपले आरोग्य खाते डासांसाठी डबक्यांत गप्पी सोडते. त्यांचेच भाऊबंद असलेले गम्बुशिया समनर यांनी काही काळ फिक्या व काळ्या टाक्यांत वाढवले आणि मग दोन्ही रंगांच्या टाक्यांत पेंग्विनांपुढे सोडले. पार्श्वभूमीशी न जुळणारे मासे जास्त खाल्ले गेले. घरच्या टाकीत पेंग्विन नसले, तरी पांढऱ्यावर मासा फिका पडतोच, तेव्हा पांढरी पाठ टाळावी. काळी किंवा गर्द निळी पाठ असली, की निऑन टेट्रा, गप्पी यांचे रंग खुलतात, आणि खिडकीतून येणारा उजेड अडल्याने शेवाळही कमी धरते.

आता प्रत्यक्ष काम. चाकणच्या पेंट शॉपमध्ये राबणाऱ्याला यातले निम्मे आधीच ठाऊक असते. गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात जाण्याआधी धुऊन, तेल काढून घेतात. काचेलाही तेच हवे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने पुसावेत, बोटांचा तेलकटपणा स्पिरिटने. टाकी रिकामी असतानाच काम करावे, कारण दोन फुटी टाकीतले पाणीच पन्नास किलोंच्या आसपास भरते. रंग बाहेरूनच लावायचा, आतून कधीही नाही. कडांना मास्किंग टेप लावावी. काचा जोडणाऱ्या सिलिकॉनवर रंग टिकत नाही. भिंतीचे ॲक्रिलिक इमल्शन आणि स्पंजाचा छोटा रोलर पुरतो. पहिला हात विटका आणि चट्ट्याचट्ट्यांचा दिसेल, तो खरवडू नये. तो वाळला, की दुसरा हात आडव्या दिशेने, गरज वाटल्यास तिसरा. मग आत टॉर्च धरून सुईएवढी छिद्रे शोधावीत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेवर मागून रंगवलेली जुनी चित्रे आहेत. त्या चित्रकारांना आधी डोळे, दागिने, बारीक रेषा रंगवाव्या लागत आणि पार्श्वभूमी शेवटी, कारण काचेमागे पहिला हातच सर्वांत पुढे दिसतो. टाकीलाही हाच नियम आहे. वर फिकट निळा आणि खाली गर्द अशी छटा हवी असेल, तर ती पहिल्याच हातात साधावी लागते. नंतरचे हात तिला फक्त पाठबळ देतात.

टाकी रिकामी करणे जमलेच नाही, तर निदान स्प्रे मारू नये. त्याचे तुषार पाण्यावर बसतात, शिवाय एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. ऑइलपेंट आणि थिनरही त्याच कारणाने टाळावेत. इमल्शनचा आणखी एक गुण भाडेकरूला उपयोगी पडतो. खोली बदलली, टाकीची जागा बदलली आणि पाठ नकोशी झाली, तर काच ओली करून ब्लेडच्या पातीने रंग सोलून काढता येतो. त्यामुळे रंगाची निवड चुकली तरी नुकसान एका संध्याकाळचे. पहिल्यांदा काळाच लावून पाहावा.